जास्तीच्या दोन ट्यूबा

“त्या ट्यूबा बाहेरून नको बांधू म्हणा तुझ्या नवऱ्याले. खोल गेल्यावर दबतात त्या,” रत्नमाला म्हणाली होती. साकोलीजवळ ज्योत्सनाच्या माहेरी संक्रांतीचं हळदीकुंकू चाललं होतं. रत्नमालाच्या एका हातात तिळगूळ, दुसऱ्या हातात वाणाची चाळणी, आणि तोंडी मात्र ज्योत्सनाच्या नवऱ्यानं बांधायला घेतलेली पाणबुडी.

ज्योत्सनानं ते हसण्यावारी नेलं. “अवं, हळदीकुंकवात तरी प्रॅक्टिकल घेऊ नको बाई!”

दोघी एकाच कॉलेजातून बी.एस्सी. झालेल्या, तीन वर्षं एकाच बाकावर बसलेल्या. रत्नमाला पुढं शिकली आणि ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागली. ज्योत्सना लग्न होऊन कारध्याला, वैनगंगेच्या काठावर मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात आली.

“हास तू,” रत्नमाला काही सोडेना. “आपल्या तलावात पुरुषभर पाणी, तिथं काही समजत नाई. नदीत तसं नाई ना. ट्यूब दबली का तिची उचल कमी. उचल कमी झाली का डबा आणखी खाली. खाली गेला का ट्यूब आणखी दबते. मंग तो थांबन कुठं?”

“तळाले थांबन!” मागून कोणीतरी बोललं आणि साऱ्या बाया खिदळल्या. ज्योत्सनाही खिदळली. मग ज्योत्सनाच्या पोरीनं, गुंजननं, तिळगुळाची वाटी सांडली आणि तो विषय तिथंच राहिला.

आता कोणी म्हणेल, बाईच बेफिकीर. पण ज्योत्सनाएवढी धास्तीखोर बाई अख्ख्या कारध्यात सापडली नसती. दीड वर्षांची गुंजन झोपली की दहादा उठून तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. विहिरीवर झाकण, जिन्याला फळी, काडेपेटी फडताळाच्या वरच्या खणात. सासूबाई, बायाबाई, तिला चिडवायच्या, “हिच्या हातात असतं तं हिनं नदीलेही कुंपण घातलं असतं!”

अशी बाई त्या दिवशी हसली, त्याला कारण ट्यूब. ट्रकच्या चाकातली काळी, फुगवलेली ट्यूब म्हणजे कारध्याच्या ढिवरांना जमिनीसारखी. ज्योत्सनाचे सासरे फकिराजी जन्मभर ट्यूबवर फळी टाकून, तिच्यावर मांडी घालून जाळी टाकत आले. पुराच्या साली घरातली भांडीकुंडी आणि म्हातारी आजी ट्यूबवरच बाहेर निघाली होती. गुंजन बसायला शिकली ती स्कूटरच्या लहान ट्यूबमध्ये, चारी बाजूंनी टेकण मिळावं म्हणून. डोंगा उलटतो, दोर तुटतो, पण ट्यूब बुडाली असं कारध्यात कोणी ऐकलेलं नव्हतं. माणूस देवावर जेवढा विश्वास ठेवतो, तेवढा त्या घरात ट्यूबवर होता. बी.एस्सी.ची सून चार वर्षांत त्याच विश्वासात मुरली.

पाणबुडी बांधायचं खूळ तिच्या नवऱ्याचं, धर्मेंद्रचं. त्याचं हायवेवर वेल्डिंगचं दुकान होतं, पण नदीत कोणी बुडालं की पोलिसांचा फोन आधी त्याला यायचा. ढिवराचा पोर, श्वास धरून डोहाच्या तळाशी जाणारा. धरणाचं पाणी मागं तुंबल्यापासून कारध्याची नदी पहिल्यासारखी राहिली नव्हती; जिथं पोरं बैल धुवायची, तिथं आता सहा-सात पुरुष पाणी उभं. मागच्या पावसाळ्यात एका शाळकरी मुलीला शोधताना धर्मेंद्रच्या कानातून रक्त आलं. मुलगी सापडली नाही. तिची आई काठावर बसून होती, आणि धर्मेंद्र वर आला की दरवेळी ती उभी राहायची. त्या रात्री तो जेवला नाही. पुढच्या आठवड्यात भंगारातून जाड पत्र्याची टाकी घेऊन आला.

“माणूस आत बसून आरामात तळ पाहन, असं काही बनवतो,” तो म्हणाला. “श्वास धरायची भानगडच नाई.”

टाकी कापून, जोडून त्यानं एका माणसाचा डबा केला. पुढं जाड पारदर्शक काच, वर झाकण. दोन्ही बाजूंना दोन ड्रम. ड्रमचा नळ उघडला की त्यात पाणी शिरायचं आणि डबा खाली जायचा. आतल्या सिलिंडरची हवा सोडली की पाणी बाहेर ढकललं जायचं आणि डबा वर यायचा. खाली आकड्याला वाळूच्या पिशव्या टांगलेल्या, आतला खटका ओढला की गळून पडणाऱ्या. हे सगळं त्यानं मोबाइलवर पाहून पाहून बनवलं. त्यातलं अवघड काम एकच, वजन बसवायचं. ड्रम भरले की डबा पाण्याखाली जेमतेम तळहातभर जाऊन थांबला पाहिजे. दोन किलो जास्त झाले तर बुडतो, दोन किलो कमी पडले तर जातच नाही. धान खरेदी केंद्रावरच्या काट्यावर तो स्वतःला चपलेसकट मोजून यायचा. “आज भात जास्त खाल्ला काय रे?” म्हणून तिथले हमाल टर उडवायचे.

पत्रा जाड निघाल्यानं डबा मूळचाच जड झाला होता. म्हणून धर्मेंद्रनं बाहेरून दोन ट्यूबा बांधल्या. ज्योत्सनानं त्या पाहिल्या आणि म्हणाली, “दोनच?”

“पुरते.”

“पुरते काय! पोरगी लहान हाये आपली. आणखी दोन बांधा. माझ्या जिवाले बरं वाटते.”

त्यानं बांधल्या. तर डबा बुडेचना, बदकासारखा तरंगत राहिला. मग तो बुडावा म्हणून त्यानं आणखी वाळू भरली. आकड्याला जागा उरली नव्हती, तेव्हा ती वाळू आत, सीटच्या खाली, पोत्यात घालून कायमची बांधून टाकली. ज्योत्सनानं स्वतः धरून पोत्यांची तोंडं शिवली. झाकण आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडतं का, हे तिनं तपासलं. वरच्या कडीला जाड दोर बांधून घेतला. काचेच्या कडेला साबणाचं पाणी लावून फुगे येतात का, तेही पाहिलं. आत हवा किती वेळ पुरेल ते कागदावर मांडलं, तासभर सहज. पाणी आत शिरेल, हवा संपेल, काच फुटेल, झाकण अडकेल, अशा सगळ्या वाटा तिनं एकेक करून बंद केल्या. ट्यूबांकडं मात्र तिनं पाहिलंही नाही. ट्यूबा तर होत्याच.

माहेरच्या गावतलावात डबा अप्रतिम चालला. खाली गेला, काचेतून धर्मेंद्रनं हात हलवला, वर आला. पाळीवर जत्रा भरली होती. धर्मेंद्रच्या चुलतभावानं, खेमराजनं, त्याचा व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकला आणि तो कुठल्या कुठं पोचला. “पाणबुडीवाला ढिवर” म्हणून लोक हाका मारायला लागले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारच्या उन्हात, डबा नदीत उतरवला.

ज्योत्सना गुंजनला कडेवर घेऊन काठावर उभी. शेजारी बायाबाई नारळ घेऊन. डोंग्यात फकिराजी आणि खेमराज; दोराचं वेटोळं खेमराजच्या पायाशी. ठरलं होतं असं, की दोराला एक हिसका म्हणजे बरं आहे, दोन हिसके म्हणजे ओढा.

“बा, सांभाळून हां,” धर्मेंद्र झाकणातून डोकं काढून म्हणाला.

“तू तुझं पाह्य ना. मी या नदीत तुझ्या बापाच्या आधीपासून हाओ,” फकिराजी बोलले, आणि मग स्वतःच हसले, “म्हंजे मीच तो.”

झाकण लागलं. ड्रममध्ये पाणी शिरल्याचा गळगळ आवाज आला. चार काळ्या ट्यूबा पाण्यावर चमकत होत्या, त्या हळूच खाली गेल्या. दोर सुटत गेला. एक हिसका आला. खेमराजनं काठाकडं अंगठा दाखवला. गुंजननं टाळ्या वाजवल्या.

दोर सुटतच राहिला.

पहिल्यांदा कोणाला काही वाटलं नाही. मग ज्योत्सनाला दिसलं की दोर आधी ढिला ढिला जात होता, तो आता ताठ जातोय. आणि जोरात. खेमराजच्या हातातून सरकतोय.

“अरे, थांबव ना त्याले!” फकिराजी ओरडले.

“थांबत नाई मोठेबाबा! जड लागून राहिला!”

खेमराजनं दोर डोंग्याच्या काठाला टेकवून धरला, तसा डोंग्याचा तो काठच पाण्याकडं झुकला, पाणी आत आलं. त्यानं घाबरून दोर सोडला, पुन्हा पकडला. तळहाताची साल निघाली. आणि मग दोर थांबला. एकदम. पाण्याखालून बुडबुड्यांचा मोठा लोट वर आला, खदखदला आणि विरला.

दोन हिसके आले. थांबून आणखी दोन.

“हवा सोडली त्यानं,” खेमराज म्हणाला. “सोडली तरी येऊन नाई राहिला.”

फकिराजींनी डोंग्यातला बांबू पाण्यात खोल खुपसला आणि त्याच्या वरच्या टोकाला कान लावला. ढिवर माशांचा घोळका असाच ऐकतात. म्हाताऱ्याचा चेहरा काठावरून नीट दिसत होता. तो पांढरा पडत गेला.

“ठोकून राहिला,” ते म्हणाले. “आतून ठोकून राहिला माझा पोरगा.”

बायाबाईंच्या हातातला नारळ खाली पडला. समोर नदी अशी शांत, जसं काही झालंच नाही. ऊन पडलेलं, पुलावरून ट्रक चाललेले, एक बगळा उभा. या पाण्याखाली धर्मेंद्र आहे, ही गोष्ट ज्योत्सनाच्या डोक्यात शिरतच नव्हती. चार ट्यूबा बांधल्यात ना. चार. ट्यूबा असताना माणूस खाली कसा राहील?

आणि तेव्हा, ताट पडावं तसं खणकन तिला कळलं. ट्यूबा आहेत. पण त्या खाली चेपून अर्ध्या झाल्यात. वाळू चेपत नाही. वाळू तेवढीच आहे, आणि ती दोन ट्यूबांसाठी जास्तीची घातलीय. त्या दोन ट्यूबा नसत्या तर ती वाळू नसती. आकड्याची वाळू त्यानं आतापावेतो सोडलीही असेल. पण सीटखालची सुटत नाही. ती तर आपणच दाभणानं शिवलीय.

तिच्या घशातून आवाज निघाला, तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. गुंजन दचकून रडायला लागली. तिनं पोरीला सासूच्या हातात कोंबलं आणि पाण्यात कमरेपर्यंत धावली.

“वर नका ओढू! मामाजी, वर ओढू नका! दोर काठावर आणा!” ती सासऱ्यांना ओरडली.

“बाई, बाजूले हो!” कोणीतरी तिचा दंड धरला. काठावर आता वीस-पंचवीस लोक जमले होते, प्रत्येकाचं वेगळं. कोणी म्हणे दोन डोंगे लावा, कोणी म्हणे पोलिसांना फोन करा, कोणी म्हणे आता काय उपयोग.

“वर ओढाल तं तुटन दोर! तळावरून घासत काठाकडं आणा, उथळात! उथळात आला का ट्यूबा आपोआप फुगतीन, तो आपोआप उठन! ऐकून घ्या माझं!”

लोक तिच्याकडं बघत राहिले. डोंग्यातून फकिराजींनी मात्र ऐकलं. कदाचित सुनेनं आजवर त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता म्हणून ऐकलं असेल.

“खेमराज, दुसरा दोर जोड. काठाले फेक!”

काठावर रेती भरायला आलेला एक ट्रॅक्टर उभा होता. दोर त्याच्या मागच्या हुकाला अडकवला. ड्रायव्हरनं हळू गिअर टाकला. दोर ताणला, पाणी टपटपलं, आणि ट्रॅक्टरची मागची चाकं वाळूत फिरली. दोर तसूभरही पुढं येईना. माणसं मागून रेटायला लागली. दोर कर्र कर्र वाजला. मग काहीतरी निसटल्यासारखं झालं, गाळातून पाय सुटावा तसं, आणि दोर पुढं यायला लागला.

“बांबू लावून पाहा! ठोकते काय?” ज्योत्सना ओरडली.

फकिराजींनी कान लावला. ते काहीच बोलले नाहीत.

“मामाजी, ठोकते काय?”

ते बांबूला कान लावून तसेच बसले, डोळे मिटून.

ट्रॅक्टर पुढं सरकला, दोराबरोबर खेमराजनं डोंगाही काठाकडं घेतला. आणखी सरकला. ज्योत्सना दोराकडं पाहत होती, दोर पाण्यात कुठं शिरतो त्या जागेकडं. ती जागा काठाच्या जवळ येत चालली होती. आणि मग दोर एकाएकी ढिला पडला.

“तुटला!” बायाबाईंनी छाती पिटली.

“तुटला नाई!” ज्योत्सना किंचाळली. “सुटला! वर येऊन राहिला! खेमराज, डोंगा हाण तिथून! हाण!”

खेमराजनं एक सेकंद तिच्याकडं पाहिलं आणि फकिराजींना मिठीत घेऊन पाण्यात उडी मारली. पाण्यात घट्ट दाबून धरलेला भोपळा हातातून सुटावा, तसा तो डबा नदी फोडून वर आला. अर्धा हवेत उडाला. चारही ट्यूबा टम्म फुगलेल्या. वरून तो डोंग्यावर आदळला आणि डोंग्याच्या दोन फाका झाल्या. लाटेनं काठावरच्या माणसांची धोतरं भिजली.

झाकण बाहेरून उघडलं ते ज्योत्सनानंच. आत धर्मेंद्र सीटवर वाकडा पडलेला. झाकणावर डोकं आपटून कपाळ फुटलं होतं, ओठ जांभळे. उजव्या हातात पाना घट्ट धरलेला, बोटं सोडवता सोडवेनात. त्याच पान्यानं तो ठोकत होता. त्याच्या पायाशी पोत्यांची शिवण निम्मी उसवलेली होती. नखांनी उसवली होती त्यानं.

तिनं त्याच्या नाकाशी बोट धरलं.

श्वास होता.

भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळपावेतो डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचला, कवटीला चीर आहे, आठ दिवस लक्ष ठेवावं लागेल. धर्मेंद्रनं डोळे उघडले, तिच्याकडं पाहिलं, आणि कुठल्या तरी परक्या बाईकडं पाहावं तसा पाहत राहिला. फकिराजी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते, अंगावरचे ओले कपडे तसेच. बायाबाई गुंजनला मांडीवर घेऊन. कोणी कोणाला दोष दिला नाही.

ज्योत्सनानं खेमराजला गाठलं आणि म्हणाली, “तो व्हिडिओ आधी काढून टाक.”

“काढतो वहिनी. पण लोकायनं पुढं धाडला, तो कसा काढू?”

तेवढ्यात तिच्या पर्समधला धर्मेंद्रचा फोन वाजला. नंबर अनोळखी.

“पाणबुडीवाले धर्मेंद्रभाऊ हायेत काय?” आवाज तरणा, खुशीत. “मी इश्वर. इकडे आंबागडकडून बोलून राहिलो.”

“ते नाई बोलू शकत आता. मी त्यायची मिसेस.”

“वहिनी, नमस्कार! भाऊचा तलावातला व्हिडिओ पाहूनच बनवली मी. तशीच्या तशी! फक्त तुमच्या चार ट्यूबा होत्या ना, मी आठ बांधल्या. घरची म्हणे, जास्त पाहिजेत, सेफ्टी पाहिजे. मंग बुडेचना, तं वाळूही डबल टाकली,” तो हसला. “आमच्या बोडीत, लहानशा तलावात, मस्त चालली. आता मोठ्या धरणात टाकतो. म्हटलं आधी गुरूचा आशीर्वाद घ्यावा.”

“भाऊ, ऐका. उतरू नका. ट्यूबा दबतात खोलात. माझा माणूस आत्ताच…”

“हॅलो? वहिनी, आवाज तुटून राहिला…”

“उतरू नका! ऐकता काय? उतरू नका खाली!”

“…हव, हव, पोचवतो भाऊले फोटो…” आणि फोन बंद झाला.

तिनं लगेच उलट लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा. मग स्विच ऑफ. तिनं दवाखान्यातल्या पोलिसाला सांगितलं. त्यानं विचारलं, पूर्ण नाव काय, गाव कोणतं, धरण कोणतं. तिच्याकडं फक्त इश्वर होता आणि आंबागड. “आंबागडकडून” म्हणाला तो. आंबागडचाच की किल्ल्याच्या पलीकडच्या एखाद्या टोल्यावरचा, वाडीवरचा, तेही माहीत नाही. आडनाव विचारायला सुचलं नाही. खेमराजनं तुमसरच्या दोन ओळखीच्यांना फोन लावले. एक म्हणाला पाहतो, दुसऱ्यानं उचलला नाही. रत्नमालानं तिच्या कॉलेजातल्या मुलांच्या सगळ्या ग्रुपवर टाकलं. त्याला आता दोन दिवस झाले. फोन अजून बंदच आहे.

म्हणून ज्योत्सना भेटेल त्याला हेच सांगते, आणि हे वाचणाऱ्या तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. तुम्ही तुमसर, आंबागड, त्या बाजूचे असाल, तर हातातलं काम ठेवा आणि चौकशी करा. इश्वर नावाचा तरुण माणूस आहे. अंगणात लोखंडी डबा असेल, त्याला बाहेरून काळ्या ट्यूबा बांधलेल्या असतील, आत वाळू असेल. डबा अंगणात दिसला तर ट्यूबा कापून टाका, भांडण झालं तरी चालेल. अंगण रिकामं असलं तर त्याच्या घरच्या बाईला विचारा, तो कुठल्या पाण्याकडं गेला. तिला घाबरवू नका, रागावूही नका. पण आजच जा. तो घरी आहे का, तेवढं पाहून या.